रेडमधली डिस्क बदलण्याआधी

रेड म्हणजे अनेक डिस्का जोडून केलेला एकच साठा, त्यालाच ॲरे म्हणतात; तो सांभाळतं ते कार्ड म्हणजे कंट्रोलर. आधी बॅकअप. घेतलाय हे पुरत नाही, त्यातली एखादी फाइल परत काढून बघा. पुढे.

कंट्रोलरला आज्ञा द्यायला एक छोटा प्रोग्राम लागतो: मेगारेड कार्डाला स्टोअरसीएलआय, डेलच्या पर्क कार्डाला पर्कसीएलआय. आज्ञा जवळपास त्याच. आत्ताच टाकून ठेवा, डिस्क जाऊन ॲरे डीग्रेड झाल्यावर डाउनलोड शोधत बसू नका. ‘/सी० शो’ दिलं (सी० म्हणजे पहिला कंट्रोलर) की व्हर्च्युअल ड्राइव्ह, म्हणजे ॲरेवर बनवलेल्या ड्राइव्ह, आणि डिस्कांचे तक्ते येतात. ते फाइलमध्ये साठवा, पण कृपा करून त्याच ॲरेवर नको.

आता सीरियल नंबर. ‘/सी०/ईऑल/एसऑल शो ऑल’ देऊन प्रत्येक डिस्कचा स्लॉट आणि सीरियल नंबर कागदावर उतरवा. हो, कागदावर. गेल्या वेळी मी नुसता स्लॉट बघून रॅकपाशी गेलो. कंट्रोलर स्लॉट ० पासून मोजतो, पेटीवरचे स्टिकर १ पासून होते. रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतो, त्यातली एक आधीच मेलेली, मी शेजारची धडधाकट ओढली आणि ॲरे बसला. ‘स्टार्ट लोकेट’ने दिवा लुकलुकतो म्हणाल, तर तो प्रत्येक पेटीत लुकलुकेलच असं नाही. शिवाय पूर्ण मेलेली डिस्क यादीत दिसतच नाही, मग नंबर कुठून वाचणार? म्हणून सगळं सुरळीत असतानाच सगळ्या डिस्कांचे नंबर लिहून ठेवायचे. उरलेल्या जुळवल्या की जी राहते ती मेलेली.

ओढण्याआधी बाकीच्या डिस्कांचे मीडिया एरर (वाचता न आलेल्या जागा) आणि प्रेडिक्टिव्ह फेल्युअर (डिस्क जाण्याची पूर्वसूचना) हे आकडे बघा. रीबिल्डमध्ये, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरताना, त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि रेड ५ मध्ये तेव्हा दुसरी डिस्क गेली तर संपलं. रेड ६ ला अजून एक संधी असते.

नवी डिस्क जुनीपेक्षा एका सेक्टरनेही लहान नको. जोडणीचा प्रकारही तोच हवा: सासच्या जागी सासच, साटाच्या जागी साटाच. दुसऱ्या सर्व्हरमधून काढलेली असेल तर जुनी रचना सोबत आणते, कंट्रोलर तिला ‘फॉरेन’ म्हणतो आणि रीबिल्ड सुरूच होत नाही. अशा वेळी घाईघाईने डिलीट दाबू नका. आधी ‘/सी०/फॉल शो’ने ती रचना कुणाची ते बघा. तुमच्याच ॲरेची असली तर?

डिस्क अजून ऑनलाइन असेल तर क्रमाने ऑफलाइन, मिसिंग, स्पिनडाउन (फिरणं थांबवणं) या आज्ञा द्या, मगच हात लावा. ट्रे जरासा बाहेर घेऊन लेबल दिसत असेल तर सीरियल नंबर कागदाशी जुळवा. दिसत नसेल तर स्लॉटची खात्री दोनदा, दिवा लावून आणि शेजारच्या डिस्कांचे नंबर मोजून.

नवी बसवली की ‘शो रीबिल्ड’ देऊन काम कुठवर आलं ते बघा. रीबिल्ड रेट, म्हणजे कंट्रोलर त्या कामाला देतो तो वाटा, मूळचा ३० टक्के असतो, कामाच्या वेळी वाढवू नका. ‘ऑप्टल’ (ॲरे पुन्हा ठीक) दिसलं की दिवा बंद, बझर बंद. कागदावर नव्या डिस्कचा सीरियल नंबर. वॉरंटीत परत पाठवायची असेल तर जुन्या डिस्कचाही तिथेच मिळेल.