बालरोगची पोस्टिंग लागलीय? आधी लेकराचं वय नक्की करायला शिका

नर्सिंग शिकताना बालरोग वॉर्डची पोस्टिंग लागली की पहिले काही दिवस सगळ्यांचं एकच चालू असतं, माइलस्टोन, म्हणजे बाळ कितव्या महिन्यात काय करायला लागतं ते, पाठ करणं. दोन महिन्यांना हसू, तिसऱ्याला मान, आठव्याला आधाराशिवाय बसणं, वर्षाच्या आसपास पहिली पावलं. पाठ कराच, तोंडी परीक्षेत तेच विचारतात. पण त्या तक्त्यात डावीकडे वयाचा रकाना असतो आणि तो भरायचा कसा, हे कोणी बसून शिकवत नाही. माझी सगळी ओढाताण त्या रकान्यात झाली, म्हणून त्यावरच जास्त लिहितेय.

आईला विचारा, "कितीचं झालं?" ती सांगते, "दहावा लागलाय." म्हणजे नऊ पूर्ण. वाढीच्या तक्त्यावर पूर्ण झालेले महिने धरतात, चालू महिना धरत नाहीत. इथेच एक महिना हातचा जातो. त्यात आई धारूर-वडवणीकडची ऊसतोडीला जाणारी असेल तर बाळाचं लसीकरण कार्ड कारखान्यावरच्या कोपीत (झोपडीत) भिजलेलं किंवा हरवलेलं असतं, आणि वय सणावरून कळतं. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालं, मग टोळी निघाली." हे ऐकून कपाळाला आठ्या घालू नका, यापेक्षा पक्कं उत्तर क्वचित मिळतं. मात्र पोळा दरवर्षी त्याच तारखेला येत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरला होता आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. त्या वर्षीचं कॅलेंडर मोबाईलवर उघडा, तारीख काढा आणि मग महिने मोजा. पोळा सापडला नाही तर महालक्ष्म्या विचारा, येळवस (वेळ अमावस्या) विचारा, बारसं कधी झालं ते विचारा. सोबत आजी असेल तर तिच्याकडूनही खात्री करून घ्या.

एवढं कशाला, असं वाटेल. मुलगा ७ किलोचा आहे असं धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात ८ महिने पूर्ण झालेल्या मुलाची उणे दोनची रेघ (-२ एसडी, जिच्याखाली वजन कमी धरतात) ६.९ किलोवर आहे, म्हणजे हा मुलगा रेघेच्या जरा वर. तोच १० महिन्यांचा धरला तर रेघ ७.४ वर जाते आणि तो कमी वजनाचा ठरतो. लेकरू तेच, काटा तोच. दोन महिन्यांच्या चुकीने एका आईला उगाच घोर लागतो, आणि उलट बाजूने चूक झाली तर खरंच खंगत चाललेलं लेकरू "बरं आहे" म्हणून घरी जातं. दुसरी चूक जास्त वाईट.

दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळांचं आणखी वेगळं. ३२ आठवड्यांना जन्मलेलं बाळ ८ आठवडे आधी आलेलं असतं. आठव्या महिन्यात ते बसत नाही म्हणून मागे आहे असं लिहू नका. विकास बघताना ते आठवडे वजा करायचे, दोन वर्षांचं होईपर्यंत. पण लसीला हा हिशोब लावायचा नाही! लस जन्मतारखेवरूनच, ६, १०, १४ आठवडे जसे मोजतात तसेच. हे दोन हिशोब एकमेकांत गुंतले की भले भले गोंधळतात, तेव्हा पहिल्यांदा तुम्ही गोंधळलात तर मनाला लावून घेऊ नका.

आणि वय काही केल्या ठरलंच नाही तर? दंडाचा घेर घ्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत एकच खूण आहे, ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण. उंचीच्या मानाने वजन बघायलाही अचूक वय लागत नाही. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते बघा, सूज असेल तर वजनाच्या आकड्यावर विसंबू नका.

आता माझं मत, पटलं तर घ्या. 'मोस्ट आयएमपी'च्या, म्हणजे हमखास येणाऱ्या प्रश्नांच्या, झेरॉक्सवर पास होता येतं, वॉर्ड सांभाळता येत नाही. सिनियरची केस स्टडी उतरवूच नका. ती आधीच कुणाची तरी उतरवलेली असते, त्यात वय एका लेकराचं आणि वजन दुसऱ्याचं निघतं. शिकायचंच असेल तर लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत एएनएम ताईंच्या (गावात लस देणाऱ्या आरोग्यसेविकेच्या) शेजारी बसा. त्या आईशी गप्पा मारता मारता जन्मतारीख काढून घेतात आणि बाळाला हात लावायच्या आधीच ते वस्तू कुठल्या हाताने धरतं हे बघून ठेवतात. घाटीत (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात पोस्टिंग मिळाली तर कमी दिवसांच्या बाळांच्या फेरतपासणीला आवर्जून उभे राहा.

तपासताना लेकरू आईच्या मांडीवरच राहू द्या. सात-आठ महिन्यांचं बाळ तुम्हाला बघून रडलं तर वाईट वाटून घेऊ नका, अनोळखी माणूस ओळखू येणं हे त्या वयाचं चांगलं लक्षण आहे. चिमटीची पकड बघायला एखादा मुरमुरा पुढे ठेवा, पण नजर हटवू नका, तोंडात गेला तर ठसका लागतो.

औषधाबद्दल एकच सांगते, आणि कडक सांगते. पॅरासिटामॉलच्या थेंबांमध्ये बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, सिरपच्या ५ मिलीत १२५. "एक मिली द्या" असं तोंडी ऐकून देऊ नका. बाटली हातात घेऊन लेबल वाचा, डोस वजनावरून काढा, दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या. कोणी हसलं तर हसू द्या.

केस शीटवर वय लिहिताना त्याच्यापुढे ते कशावरून काढलं तेही लिहीत जा, कार्डावरून की पोळ्यावरून. रात्रपाळीला येणाऱ्या सिस्टरला आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते त्यावरून कळतं.