इंदूरच्या सराफा बाजारातल्यासारखे कुरकुरीत गराडू घरी
इंदूरला थंडी पडली की बाजारात गराडू (कोनफळाच्या जातीचा एक कंद) दिसायला लागतात, यंदा घरीच करून बघा. सोलताना हाताला तेल लावा नाहीतर खाज सुटते. मोठे चौकोनी तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धवटच उकडा, सुरी आत जाताना जरा अडली पाहिजे, मऊ झाले तर तेलात फुटतात. मग कपड्यावर पूर्ण कोरडे करा. खरी गंमत दोनदा तळण्यात आहे, आधी मध्यम आचेवर फिक्के तळून काढायचे, गार होऊ द्यायचे आणि खायच्या वेळी परत कडक तेलात टाकायचे, कडा लालसर झाल्या की काढा आणि गरम असतानाच वरून भरपूर जिरावण (इंदूरकडचा चटपटीत मसाला) आणि लिंबू. चाट मसाल्याने ती चव येत नाही हो!