समोरच्या चाळीचं लिनोकट कसं करावं

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या (लिनोच्या) मऊ तुकड्यावर कोरून, शाई लावून कागदावर छापलेलं चित्र. अशा मुद्राचित्राला विषय हवा म्हणून गड-किल्ले गाठायची गरज नाही. लंडनचे मुद्राचित्रकार पॉल कॅथरल आपल्याच शहरातल्या काँक्रीटच्या इमारती लिनोवर कोरतात. भारतात जन्मलेल्या मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांनी १९९९ मध्ये ‘घर’ या एकाच विषयावर ३६ काष्ठछापे केले. उंबरठा, दार, अंगण, सगळं मोजक्या रेघांत. आपण समोरच्या चाळीची गॅलरी घेऊ.

आधी नुसतं बघा, तेही सकाळी लवकर किंवा चारनंतर. ऊन तिरपं असलं की सावल्या ठसठशीत पडतात. डोळे किलकिले केले की मधल्या छटा विरतात आणि काळं-पांढरं तेवढं उरतं. कठड्याच्या पट्ट्या उन्हात, मागची गॅलरी अंधारात. हेच दोन भाग ब्रशने कागदावर उतरवा. बाह्यरेषेचा मोह टाळा. कॅथरल यांच्या छाप्यांत भिंतीची कड रेघेने दाखवलेली नसते. दोन सपाट रंग भेटतात तिथे ती आपोआप दिसते. मला त्यांच्याकडून सगळ्यात जास्त हेच शिकायला मिळालं.

हे चित्र बटर पेपरवर मऊ पेन्सिलने गिरवा, पालथं करून लिनोवर ठेवा आणि मागून चमच्याने घासा. चित्र उलटं उमटेल, आणि तसंच हवं. खाली ‘पिठाची गिरणी’ अशी पाटी असेल तर ‘गि’ची वेलांटी लिनोवर ‘ग’च्या उजवीकडे दिसली पाहिजे. कोरण्याआधी आरसा धरून एकदा वाचाच.

लिनो कडक वाटला तर पाच मिनिटं उन्हात ठेवा. बारीक कामाला व्ही आकाराची कोरणी, मोकळ्या जागेला यू आकाराची. दुसरा हात कायम कोरणीच्या मागे. जे कोरून काढाल ते पांढरं राहणार, म्हणून उन्हातली पट्टी कोरा, दोन पट्ट्यांमधली फट सोडा. घाई केली की कोरणी घसरते आणि फटच नाहीशी होते. कठड्याला लागेल तेवढा वेळ द्या, चाळीचा चेहरा तिथेच आहे. शंका आली तर हात थांबवा. कोरलेलं परत भरता येत नाही.

काचेवर थोडी शाई घेऊन रोलर फिरवा. चुरचुर असा बारीक आवाज येऊ लागला की थर बरोबर झाला. आवाज चिकट, ओला आला तर शाई जास्त झाली. बारीक रेघा बुजतील. ठशावर तीन-चार पातळ हात द्या, पातळ हातकागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत घासा. एक कोपरा उचलून पाहा, फिकं असेल तिथे पुन्हा घासा.

दहा प्रती काढायच्या असतील तर खाली डावीकडे पेन्सिलने १/१०, २/१० असे क्रमांक घाला, उजवीकडे सही करा. पहिला छापा मात्र या दहात धरू नका. त्यावर खुणा करा, ठसा पुसा आणि राहिलेलं कोरायला घ्या.