ओहोटीच्या वेळी लहान मुलांसोबत खडकाळ किनाऱ्यावर

समुद्रावर जायचे म्हटले की आपण बहुतेक वेळा वाळूचा किनारा आणि संध्याकाळची वेळ गृहीत धरतो. मात्र तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खरा खजिना, म्हणजे डबक्यांतले समुद्री जीव, वाळूत नसून कातळावर असतो, आणि तो दिवसातून दोनदा, अगदी मोजका वेळ उघडा पडतो. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोड आणि बँडस्टँडलगतचे खडक, गोव्यात हणजूण आणि वागातोर, तसेच रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या पट्ट्यात वाळूच्या पुळणींच्या टोकांना पसरलेले कातळ, अशा कुठल्याही ठिकाणी ही सहल करता येते. तिला तिकीट लागत नाही आणि फारशी तयारीही लागत नाही. मात्र वेळ अचूक साधावी लागते, आणि सहल यशस्वी होणार की फसणार हे निम्म्याहून अधिक त्या वेळेवरच ठरते.

वेळ काढण्याची जुनी रीत किनाऱ्यावरच्या माणसांना तोंडपाठ असते. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि तिच्या सुमारे सव्वासहा तास आधी किंवा नंतर ओहोटी असते. उदाहरणार्थ, द्वितीयेला दोन गुणिले पाऊण म्हणजे रात्री दीड वाजता पूर्ण भरती आणि म्हणून सकाळी पावणेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच राहतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच ते खालीही उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाणी फारसे हटतच नाही. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटर किंवा त्याहूनही अधिक फरक पडतो, तर गोव्याकडे तो साधारण दोन मीटरच असतो, त्यामुळे मुंबईचा किनारा या बाबतीत अधिक उदार आहे. लहान मुले सोबत असतील तर द्वितीया आणि तृतीया हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात, कारण उधाणाचा जोर अजून टिकून असतो आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी येते. तिथीचा हिशेब केवळ दिवस निवडण्यासाठी वापरावा. प्रत्यक्ष वेळ आणि पाण्याची उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी आणि मुंबईत ओहोटीची उंची एक मीटरपेक्षा कमी असेल तरच निघावे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत मुलांना खडकांवर नेऊच नये.

आता परतीविषयी, कारण हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणी सहा तासांत एकसारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते, त्यामुळे अजून पुष्कळ वेळ आहे असे वाटत राहते. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकूण चढापैकी जवळपास निम्मे पाणी येते. शिवाय ते नेहमी समोरूनच येते असे नाही, तर खडकांमधल्या खोलगट भागांतून वळसा घेऊन आपल्या पाठीमागेही भरते. एकदा आम्ही ओहोटीनंतर सव्वा तास रेंगाळलो आणि येताना कोरडी असलेली घळ परतताना माझ्या गुडघ्यापर्यंत भरलेली होती. मुलगी कडेवर होती म्हणून निभावले, परंतु दोन मुले असती तर मी काय केले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. म्हणून पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे, ओहोटीची वेळ झाली की परतीला लागावे, समुद्राकडे पाठ करून कधीही उभे राहू नये आणि प्रत्येक लहान मुलामागे एक मोठे माणूस असावे.

पायांत मागून बंद असलेले जुने बूट हवेत. चपला शेवाळावर हमखास घसरतात आणि खडकांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. कपड्यांचा एक जादा जोड, टोपी, पिण्याचे पाणी, हात धुण्यासाठी वेगळे पाणी आणि साबण, राजगिऱ्याचे लाडू किंवा चटणी लावून गुंडाळलेली पोळी, एवढे सामान पुरते. साबण विसरू नये, कारण शहरातल्या किनाऱ्यांवर नाल्यांचे पाणी मिसळते. नाल्याच्या मुखापासून दूरची जागा निवडावी आणि मुलाच्या हातापायाला जखम असेल तर ती सहल पुढे ढकलावी.

खडकांवर पोहोचल्यावर चालण्याचा आग्रह सोडून द्यावा. मोठी माणसे पाण्याच्या कडेपर्यंत जाण्याची घाई करतात, परंतु मुलांसाठी घमेल्याएवढे एकच डबके पुरेसे असते. त्याच्या काठावर उकिडवे बसावे, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशी जागा घ्यावी आणि दोन मिनिटे कोणीही हालचाल करू नये. सुरुवातीला तिथे काहीच दिसत नाही. मग तळाचा एक शंख हलतो, थांबतो आणि पुन्हा हलतो. त्याच्या तोंडातून आधी दोन बारीक मिशा, मग देठांवरचे डोळे आणि अखेरीस लालसर पाय बाहेर येतात. हा संन्यासी खेकडा. त्याच्या शरीराचा मागचा भाग मऊ असतो आणि तो वाचवण्यासाठी तो गोगलगायीचे रिकामे शंख वापरतो; अंग वाढले की त्याला मोठे घर शोधावे लागते. माझी मुलगी चार वर्षांची असताना अशा एका खेकड्यासमोर अर्धा तास बसून होती आणि तो दुसऱ्या शंखात पाय घालून पाहू लागला तेव्हा तिने श्वास रोखून धरला होता. त्या दिवशी आम्ही किनाऱ्यापासून वीस पावलांपलीकडे गेलो नाही, आणि तिथून लवकर उठवले असते तर तिच्या हातून काय निसटले असते हे मला तेव्हा समजले.

डबक्यातच समुद्रफूलही आढळते. नाव फुलाचे असले तरी तो प्राणी आहे आणि त्याच्या पाकळ्या म्हणजे भक्ष्य पकडणारे दंश करणारे तंतू आहेत, म्हणून ते दुरूनच पाहावे. चिखलाच्या बाजूला निवटे नावाचे मासे पाण्याबाहेर उड्या मारताना दिसतात. एखादा लहान दगड उलटून पाहायचा असेल तर मोठ्या माणसाने तो सावकाश उलटावा, खालचे खेकडे पाहून घ्यावेत आणि दगड होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवावा, कारण खालच्या ओलाव्यात जगणारे जीव उन्हात फार काळ तग धरत नाहीत. प्राणी ओळखण्याची उत्सुकता वाढली तर मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातर्फे जाणकारांसोबत किनाराफेऱ्या होतात, त्यांत सहभागी व्हावे.

दोन गोष्टींना मुलांनी मुळीच हात लावू नये. पहिली म्हणजे शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख, कारण त्यात राहणारी गोगलगाय विषारी दंश करू शकते. दुसरी म्हणजे निळसर, फुग्यासारखा पारदर्शक जीव, म्हणजे ब्लू बॉटल. पावसाळ्यात ते किनाऱ्यावर वाहून येतात आणि मेलेले दिसले तरी दंश करतात. दंश झालाच तर जागा चोळू नये, चिकटलेले तंतू काडीने किंवा जुन्या कार्डाने काढून टाकावेत, समुद्राच्याच पाण्याने धुवावे, तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात सुमारे वीस मिनिटे ठेवावा आणि श्वासाचा त्रास किंवा मोठी सूज दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

शंख-शिंपले घरी न आणण्याचा नियम निघण्यापूर्वीच, घरात असतानाच सांगावा. खडकांवर पोहोचल्यावर सांगितला तर रडारड ठरलेली. प्रवाळ गोळा करण्यास वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि रिकामा दिसणारा शंख हे कुणा खेकड्याचे पुढचे घर असू शकते, हे कारण चार वर्षांच्या मुलालाही पटते. तरीही मुलांचे खिसे किनारा सोडण्यापूर्वी तपासावेत. आम्ही एकदा ते घरी आल्यावर तपासले, तेव्हा न्हाणीघराच्या फरशीवर ठेवलेला शंख चालू लागला आणि त्याला पोहोचवायला त्याच संध्याकाळी आम्हाला पुन्हा किनारा गाठावा लागला.