फोटोशूटसाठी मॉडिफाइड पद्मिनी कशी तयार करावी

कुर्ल्याच्या कारखान्यातली जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन तुम्ही ती मनासारखी बांधलीत: सस्पेन्शन लो केलं, रुंद अलॉय चाकं बसवली, नवा रंग मारला. आता मासिकाला तिचे फोटो हवेत. रस्त्यावर झकास दिसणारी गाडी फोटोत तशीच दिसेल असं मात्र नाही. कॅमेरा काहीच माफ करत नाही.

रंगाचं काम महिनाभर आधी संपवा. ताजा रंग आतून सुकायला आठवडे लागतात आणि त्यावर घाईने वॅक्स लावलं तर चमक मंदावते. मूळ रंग बदलला असेल तर आरसीवर नोंद करून घ्या.

दोन-तीन दिवस आधी धुवा, सावलीतच. दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी. कपडा दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळवा, मगच शॅम्पूत घाला, नाहीतर तीच माती पुन्हा रंगावर घासली जाते. मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा. आता अंधारात बॉनेटवर टॉर्च तिरका धरा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले, तर मशीन पॉलिश करावंच लागेल. पद्मिनीच्या उभ्या, सपाट दारांवर हे ओरखडे फार उठून दिसतात. वॅक्स सगळ्यात शेवटी.

इंजिनावर प्रेशरचं पाणी मारू नका. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर प्लास्टिकने झाका, ब्रश आणि ओल्या कपड्याने पुसा, लोंबत्या वायरी बांधून टाका.

आदल्या संध्याकाळी टायरला ड्रेसिंग (टायर काळंभोर दिसावं म्हणून लावायचं द्रव) लावा आणि जास्तीचं पुसून काढा, नाहीतर चालत्या गाडीत त्याचे शिंतोडे दारांवर उडतात. डॅशबोर्डवरची मूर्ती, परफ्यूम, टोलच्या पावत्या काढा. सीटबेल्ट सरळ लावून ठेवा.

जागा फोटोग्राफरसोबत आधी बघून या. गाडीसमोर जे असेल ते दारात उमटतं: विजेचा खांब, पांढरी भिंत, तुमचा पांढरा शर्टसुद्धा. म्हणून समोरची बाजू मोकळी हवी आणि मदतीला येणाऱ्यांनी गडद कपडे घालावेत. दुपारचं ऊन टाळा. सूर्य मावळल्यानंतरची वीस मिनिटं क्रोमला सगळ्यात छान मानवतात.

शूटच्या जागी वाटेतली धूळ आणि काचेवरचे किडे पुन्हा पुसा. पुढची चाकं अशी वळवा की कॅमेऱ्याला रिम दिसेल, टायरची नक्षी नाही. सेंटर कॅपवरचे, म्हणजे चाकाच्या मधल्या झाकणावरचे, लोगो सरळ हवेत. त्यासाठी गरज पडली तर चाक जॅकवर उचलून फिरवावं लागतं. काचा सगळ्या वर किंवा सगळ्या खाली. दिवे बराच वेळ लावून ठेवल्याने बॅटरी उतरते, म्हणून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून स्टार्ट करायची जंपर केबल जवळ असू द्या.

इंजिन, गिअरबॉक्स, टायरची मापं आणि प्रत्येक काम कुणी केलं याचा एक कागद लिहून पत्रकाराच्या हाती द्या. पेंटर आणि वेल्डरची नावं विसरू नका. आणि अंक बाजारात येईपर्यंत शूटचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नका. बहुतेक मासिकांना ते आधी कुठे दिसलेले चालत नाहीत.