पाढे शिकवताना : चालीच्या आधी मांडणी

दुसरी-तिसरीतल्या मुलांना पाढे शिकवताना बहुधा थेट पाठांतरापासून सुरुवात होते. ‘बे एके बे, बे दुणे चार’ ही लय मुलांना आवडते आणि ती सोडून देण्याचे काहीच कारण नाही. मात्र साताचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच ‘सात सक किती?’ असे विचारले आणि ते पुन्हा ‘सात एके सात’पासून म्हणत आले, तर त्याला अजून नुसती चालच पाठ झाली आहे असे समजावे.

म्हणून प्रत्येक पाढा आधी हाताने मांडावा. चिंचोके, मणी किंवा बाटल्यांची झाकणे घेऊन चार-चारच्या तीन ओळी मुलाला मांडू द्याव्यात, प्रत्येक ओळीनंतर एकूण किती झाले ते त्यालाच मोजू द्यावे आणि पाटीवर ४, ८, १२ असे लिहायला सांगावे. ‘चार त्रिक बारा’ म्हणजे चार तीन वेळा घेतले, हे त्याला तिथे दिसते. मग त्याला बाजूला येऊन बसायला सांगावे. आता तेच चिंचोके तीन-तीनच्या चार ओळींत दिसतात. हे पटले की ओझे पुष्कळ हलके होते. एक ते दहाच्या पाढ्यांत एकूण १०० उत्तरे असतात. त्यांतून एक आणि दहाचे गुणाकार वगळले आणि उलटसुलट जोड्या एकच धरल्या, तर ३६ उरतात. दोन व पाचचे पाढे येत असतील, तर नव्याने शिकण्याजोगी उत्तरे अवघी २१ राहतात.

याच कारणाने पाढे ओळीने शिकवण्याचा हट्ट धरू नये. दोन, दहा आणि पाच आधी घ्यावेत. दोनाच्या दुपटीने चार, चाराच्या दुपटीने आठ आणि तिनाच्या दुपटीने सहाचा पाढा मुलाला स्वतः तयार करता येतो. नवाच्या पाढ्यात १८, २७, ३६ असे दशक एकेकाने वाढते व एकक एकेकाने घटते. हे आपण सांगण्यापेक्षा उत्तरे एकाखाली एक लिहून मुलालाच शोधू द्यावे. साताला अशी युक्ती नाही, पण तो शेवटी घेतला तर त्यात ‘सात साते एकोणपन्नास’ एवढेच नवे असते.

मराठी मुलांची खरी अडचण पुष्कळदा गुणाकारात नसून संख्यांच्या नावांत असते. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र सहा आधी येतो, त्यामुळे ‘नऊ साते त्रेसष्ट’ अचूक म्हणणारे मूल वहीत ३६ लिहिते. एकोणतीस आणि एकोणचाळीस यांतही असाच गोंधळ होतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा बराच वाद झाला. त्यात कोणाचीही बाजू घेतली, तरी अडचण खरी आहे हे मान्य करावे लागते. पाढा म्हणताना प्रत्येक उत्तर अंकांत लिहून घ्यावे आणि ‘त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन’ असे तोंडाने म्हणवून घ्यावे.

सराव रोज पाच-दहा मिनिटांचा पुरतो. त्यात पाढा एकदा चालीवर, एकदा उलटा म्हणावा आणि नंतर कोठूनही प्रश्न विचारावेत. मूल अडले तर उत्तर चटकन सांगू नये, जवळचे माहीत असलेले उत्तर आठवायला लावावे : ‘सहा पंचे तीस’ येत असेल तर त्यात आणखी सहा मिळवून ‘सहा सक छत्तीस’ गाठता येते. चुकल्याबद्दल शिक्षा म्हणून दहा वेळा पाढा लिहायला लावणे मला पूर्णपणे निरुपयोगी वाटते. मुले तेव्हा उभ्या रांगेत आधी सगळे ‘एके’, मग सगळे ‘दुणे’ लिहून मोकळी होतात.

तिसरीअखेर दहापर्यंतचे पाढे पक्के झाले तर घाई करू नये; अकरा ते वीस पुढे सावकाश घ्यावेत. बारासाठी दहाचे उत्तर आणि दोनाचे उत्तर मिळवावे, म्हणजे बारा साते म्हणजे सत्तर आणि चौदा, चौऱ्याऐंशी. पावकी, निमकी, औटकी हे पाव, अर्धा, साडेतीन अशा अपूर्णांकांचे पाढे रुपयाचे सोळा आणे होते त्या काळी व्यवहारात लागत; १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर त्यांची गरज ओसरली. त्यांपैकी दिडकी मात्र चौथी-पाचवीत जरूर शिकवावी, कारण दीड किलोचा भाव आजही तोंडीच काढावा लागतो.