जुनं टेक्श्चर काढल्यावर सिलिंग रंगासाठी कसं तयार करावं

खरवडून झालेल्या सिलिंगवर आधी कोरडा तळहात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर टेक्श्चरखालचा जुना चुना किंवा डिस्टेंपर अजून तिथेच आहे. त्यावर कितीही महाग पुट्टी लावा, ती प्लॅस्टरला नव्हे तर भुकटीला धरते आणि पुढे तिच्यासकट पोपडे होऊन सुटते. छताचा रंग बहुतेक वेळा इथेच फसतो.

मेन स्विच बंद करून पंखा उतरवा, मास्क-गॉगल लावा. छत ओलं करून, मऊ पडलेला थर पत्र्याने (पुट्टी लावायच्या मुठीच्या पातळ लोखंडी पट्टीने) काढा आणि ओल्या स्पंजने पुसा. स्पंजचं पाणी सारखं बदला, नाहीतर तीच भुकटी पुन्हा पसरते. वाळल्यावर पत्र्याच्या मुठीने ठोकत जा. बद्द आवाज आला तिथलं प्लॅस्टर सुटलंय, ते पाडून नव्याने करावं लागेल. आतली सळई गंजून फुगलेली दिसली तर काम थांबवा. आधी स्लॅबची दुरुस्ती, मग रंग.

वर बाथरूम असेल तर फूटभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून 24 तास ठेवा. आतून थेंब धरले, तर ओल जिवंत आहे. गळती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पुट्टी. उघडं सिमेंट प्लॅस्टर असेल तर त्यावर पाणी मारून पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावा. थोडी भुकटी उरलीच असेल तर आधी पाणी घातलेल्या प्रायमरचा एक हात द्या आणि वर अ‍ॅक्रिलिक पुट्टी भरा. सिमेंट पुट्टी किलोला साधारण 360 ते 400 मिली पाण्यात कालवतात. दोन-तीन तासांत संपेल एवढीच भिजवा. 10 बाय 12 फुटांच्या खोलीला दोन पातळ हातांसाठी साधारण 10 किलो धरा. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको, जाड थराला भेगा जातात. खोल खड्डे त्याआधी वेगळे भरा.

भिंत आणि स्लॅबच्या सांध्यातली भेग मात्र पुट्टीने बुजवू नका. उन्हाने स्लॅब हलतो आणि ती परत उघडते. तिथे लवचीक क्रॅक फिलर लागतो.

पुट्टी पूर्ण वाळली की 180 आणि मग 220 नंबरच्या पेपरने घासा. टॉर्च छताला चिकटवून आडवा प्रकाश टाकलात, तर सरळ उजेडात न दिसणारी पत्र्याची प्रत्येक ओळ सावली धरते. तिथे पेन्सिलने खूण करून पुन्हा हात मारा. शेवटी धूळ पुसून वॉटर-बेस प्रायमरचा एक हात द्या. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. प्रायमर वाळल्यावर टॉर्च पुन्हा एकदा फिरवा, कारण राहिलेले ओरखडे या पांढऱ्या थरावरच ठळक दिसतात.